चौथ्या रांगेतली घोंगडी

घोंगडीला कोण विचारतं म्हणा! थंडी वाजली की पायावर ओढायची, ऊन पडलं की कोपऱ्यात भिरकवायची. पण मी जरा वेगळी आहे बरं का. अंग राखाडी, दोन्ही टोकांना लाल पट्टा, एका कोपऱ्यावर कॉफीचा डाग आणि हाल्डेन गावच्या रिंकमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानात, चौथ्या रांगेत माझी जागा पक्की. गावात पाचशे माणसं आहेत, त्यातल्या किती जणांना असं छातीठोकपणे सांगता येईल?

माझा जन्म पूर्वेकडच्या एका गिरणीतला. मेंढ्यांच्या अंगावर होते तेव्हाचं फारसं आठवत नाही. कधीतरी डुलकी लागली की ओल्या गवताचा वास येतो, एवढंच. व्हेल्माच्या आईनं कॅटलॉग बघून मला टपालानं मागवलं आणि लेकीला लग्नात दिलं. "आपल्या सॅस्कॅचवनच्या हिवाळ्यात नवऱ्यापेक्षा घोंगडीचा भरवसा जास्त," असं ती देताना म्हणाली होती. नवरा, म्हणजे लॉर्न हाउगन, शेजारीच उभा होता. तो खो खो हसला. त्याला हसायला फारसं निमित्त लागत नसे.

माझ्या नव्याची नवलाई बारा वर्षं टिकली. तोवर मी पलंगावर होते. मग घरात एक गुबगुबीत रजई आली आणि मी टोचते असा व्हेल्माला एकाएकी शोध लागला. बारा वर्षं टोचले नाही आणि रजई आल्याबरोबर टोचले! माणसांचं हे असंच असतं, त्यांना काय बोलायचं. माझी रवानगी ट्रकमध्ये झाली. लॉर्न गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचं यंत्र चालवायचा. पारा उणे पस्तीसला गेला की ट्रक गोठू नये म्हणून तो मला इंजिनाच्या झाकणावर पांघरायचा. अंगाला तेलाचा वास बसला, कड करपली. मला वाटलं, संपलं आता आपलं, पुढचा मुक्काम कुत्र्याखाली.

पण एका रविवारी रिंकमध्ये मरणाची थंडी होती, म्हणून लॉर्ननं मला काखोटीला मारलं आणि मॅचला नेलं. त्या दिवशी हाल्डेनच्या मॅगपाय संघानं ब्रॉडक्रीक गावाला सात गोलांनी धुतलं. झालं! लॉर्नच्या मते ते माझ्यामुळे. पोरांनी घाम गाळला आणि श्रेय गेलं घोंगडीला. मी तरी कशाला नाही म्हणू? त्यानंतरच्या तीस हिवाळ्यांत मी एकही मॅच चुकवलेली नाही.

आमच्या गावात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण पाद्रीबाबासुद्धा तो पाळतात. रविवारी मॅच दुपारी दोनला. सकाळी प्रार्थनेला जाण्याआधी रिंकमध्ये यायचं, लाकडी बाकावर आपली घोंगडी अंथरायची आणि निघून जायचं. जिथे घोंगडी तिथे माणूस. मग तो माणूस दोनला येवो की अर्धी मॅच झाल्यावर येवो, जागा त्याचीच. दुसऱ्याच्या घोंगडीला हात लावायचा नाही. एकदा बाहेरगावच्या एका पाहुण्यानं एक निळी घोंगडी उचलून बाजूला ठेवली होती. कुणी त्याला चकार शब्द बोललं नाही, फक्त अख्ख्या रिंकनं वळून बघितलं. बिचाऱ्यानं उरलेली मॅच कॉफीच्या खिडकीपाशी उभ्यानं काढली.

सकाळचे ते रिकामे तास मला फार आवडतात. दिवे अर्धेच लावलेले असतात. बर्फावर नुकतंच पाणी फिरवलेलं असतं आणि त्यातून हलकी वाफ वर येत असते. छताच्या पत्र्याखाली चिमण्या कुजबुजतात. आम्ही वीस-पंचवीस घोंगड्या आपापल्या जागी निवांत पडून असतो. अशा वेळी मला त्या कोऱ्या बर्फावर खेळाडू दिसतात. आताचे नव्हेत, केव्हाकेव्हाचे, ज्यांचे गुडघे आता जिना चढताना कुरकुरतात ते. सगळे विशीतले होऊन संथपणे सरकत असतात, काठीला काठी लागते पण आवाज होत नाही. कुणी पडत नाही, कुणी भांडत नाही. स्वप्नच असणार. पण घोंगडीला स्वप्न पडू नये असं कुठे आहे? आम्ही तर जन्मभर झोपेच्याच धंद्यात.

दोन वाजले की मात्र स्वप्न कसलं आणि काय. लॉर्नला मतं फार. त्याच्या मते टीव्हीवर हॉकी बघणं म्हणजे दुसऱ्यानं जेवलेल्या जेवणाची हकीकत ऐकणं. मोठ्या शहरांच्या संघांत आता माणसं नाहीत, कंपन्या खेळतात. खेळाडूनं मान वर ठेवावी, रबरी चकती आपोआप काठीला सापडते. आणि मॅच संपायच्या आधी गाडी गरम करायला उठून जाणाऱ्या माणसाचा मतदानाचा हक्क काढून घ्यावा. हे शेवटचं तो दर मॅचला, जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायचा.

त्याच्या डाव्या हाताला एमरी तूतां बसतो. गावच्या टपाल कचेरीतून निवृत्त झालेला आणि एके काळचा गोलकीपर. पुढचे तीन दात त्यानं याच बर्फावर ठेवलेत. दोघांची शाळेपासूनची दोस्ती, म्हणजे शाळेपासूनचं भांडण.

"हा गोल जायलाच नको होता," एमरी म्हणायचा. "मी असतो तर पायानं अडवला असता."

"तू असतास तर पाणी पीत असतास. ब्रॉडक्रीकविरुद्ध नऊ गोल खाल्लेस ते विसरलास वाटतं?"

"आठ! नववा चुकीचा दिला होता."

"चाळीस वर्षं झाली, अजून नववा पचला नाही याला."

पलीकडे, रांगेच्या टोकाला, किराणा दुकानातली डॉट बसते, जिचा नवरा हाल्डेननं गोल केला की भोंग्याचं बटण दाबतो. ती दोघांनाही गप्प बसा म्हणायची, आणि तिला कुणीच जुमानायचं नाही.

व्हेल्मा कधी आली नाही. "बारा दणकट पुरुष एका रबरी चकतीमागे धावतात आणि ती मिळाली की लगेच दुसऱ्याला देऊन टाकतात. यात बघायचं काय?" असं ती विचारायची. पण मॅचनंतर घरी आल्यावर लॉर्न मला खुर्चीच्या पाठीवर टाकायचा आणि जेवणाच्या टेबलावर अख्खी मॅच तिला सांगायचा. मीठदाणी म्हणजे आपला गोलकीपर, मिरपूडदाणी म्हणजे त्यांचा, काटे-चमचे म्हणजे बाकीचे. मटाराचा दाणा ही चकती.

"बटाटे थंड होतायत," व्हेल्मा म्हणायची.

"होऊ देत. तर हा काटा असा आला..."

ती नाक मुरडायची, पण तो घास घ्यायला थांबला की हळूच विचारायची, "मग? त्या लाल केसांच्या पोराचं काय झालं?" मला वाटतं, त्यांचा संसार त्या टेबलावरच्या मॅचवर चालला होता. निदान रविवारचा तरी.

तीन हिवाळ्यांपूर्वी लॉर्नच्या डोळ्यांत धुकं उतरलं. अगदी मधोमध. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं. रेजायना शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, चष्म्यानं भागणार नाही, हे वाढत जाणार. व्हेल्माला लॉर्ननं सांगितलं, "वयाचं आहे, चालायचंच." गुडघा दुखतो असं सांगून ट्रक विकला. खरं काय ते सांगायचं भिजत घोंगडं त्यानं तसंच ठेवलं. या म्हणीत आमचं नाव उगाच गोवलंय, पण असो.

खरं तो फक्त माझ्याशी बोलला. एका सकाळी रिकाम्या रिंकमध्ये मला अंथरता अंथरता पुटपुटला, "कळलं की संपलं बघ. आधी हात धरून आणतील. मग म्हणतील, लॉर्न, दिसत नाही तर थंडीत कशाला येतोस, घरी रेडिओ ऐक. एकदा घरी बसवलं की मी मेलो."

 माझी कड त्यानं तीनदा सरळ केली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्यानं मूठ फार हुशारीनं झाकली. भोंगा वाजला की आपला गोल. नाही वाजला आणि पलीकडून आरडाओरडा झाला की त्यांचा. एमरी चिडला की रेफरीनं घाण केली. या सगळ्यात त्याच्या मुठीत माझी कड असायची, गच्च धरलेली. आणि मला सगळं दिसत होतं हो! तो पोरगा डावीकडून सुटला, चकती मागे राहिली, सगळं दिसत होतं. सांगायला तोंड नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला आपलं नुसतं घोंगडी असणं बोचलं.

घरी मात्र टेबलावरची मॅच थांबली नाही. दिसलेलं संपलं, तेव्हा तो रचून सांगायला लागला. मी खुर्चीवरून ऐकायची. काय ते गोल! खऱ्या मॅचमध्ये धक्काबुक्कीत कुणाच्या तरी बुटाला लागून चकती आत गेलेली असायची, आणि लॉर्नच्या मॅचमध्ये पोरगं एकट्यानं लांबच लांब वळण घेत, कुणाला स्पर्श न करता जायचं, गोलकीपर त्याच्याकडे बघतच राहायचा. माझ्या सकाळच्या स्वप्नातलेच खेळाडू त्याला कुठून भेटले कोण जाणे. खोटं होतं, पण मला त्याचा राग नाही आला.

मग जानेवारीत ती चूक झाली. लॉर्न खांब मोजून जागा ओळखायचा. त्या सकाळी कुणीतरी दारातून हाक मारली, त्याचा आकडा चुकला आणि त्यानं मला एक जागा डावीकडे, थेट एमरीच्या बाकावर अंथरलं. मी आपली पडून राहिले, काय करते?

पावणेदोनला एमरी आला. माझ्याकडे बघितलं. लॉर्नच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. बराच वेळ आपली घोंगडी छातीशी धरून उभा राहिला.

"काय झालं?" डॉटनं टोकावरून विचारलं.

"काही नाही. सरका."

"कुठे सरका?"

"डावीकडे. सगळ्यांनी एकेक जागा."

"अरे पण वीस वर्षं मी इथे..."

"डॉट," एमरी हळूच म्हणाला, "सरक ना गं."

डॉटनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. मग अख्खी चौथी रांग, ज्यांनी लग्नकार्यासाठीसुद्धा कधी जागा सोडली नव्हती अशी सात माणसं, आपापली घोंगडी उचलून एकेक जागा सरकली. मला कुणी हात लावला नाही. टोकाला बसणाऱ्या डॉटला बाकच उरला नाही, ती पायरीवर बसली. लॉर्न आला, चाचपून माझ्यावर टेकला, आणि एमरी नेहमीसारखा खेकसला, "उशीर का केलास?" पुढच्या रविवारी लॉर्ननं मला बरोबर जागी घातलं, तर रांग मुकाट्यानं पुन्हा उजवीकडे सरकली. असं तीनदा झालं. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

फेब्रुवारीत एका रविवारी तो टेबलावर लाल केसांच्या वीबेचे दोन गोल सांगत होता. दुसरा गोल तर इतका सुरेख होता की सांगताना त्याचाच आवाज कापरा झाला. व्हेल्मा हातातला चमचा तसाच धरून ऐकत होती. मला ठाऊक होतं तिला काय ठाऊक आहे ते. लॉर्न यायच्या आधी डॉट रांगेत बोलून गेली होती, आदल्या दिवशी दुकानात तिनं व्हेल्माला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की वीबेच्या बायकोला मुलगी झाली आणि तो चार दिवस सास्काटून शहरातल्या हॉस्पिटलातून हललेला नाही.

"दोन गोल?" व्हेल्मानं विचारलं.

"दोन!"

"बरं झालं," ती म्हणाली. "बटाटे घे." तो हात धुवायला गेला तेव्हा तिनं मीठदाणी उचलली, उगाचच पुसली, पुन्हा पुसली, आणि माझ्यावर कपाळ टेकून उभी राहिली. ती रडली. मी टोचते हे तिच्या लक्षातही आलं नाही.

पुढचा रविवार म्हणजे हंगामाची शेवटची लढत. समोर ब्रॉडक्रीक, हरणाऱ्यानं घरी बसायचं. दीड वाजता, असं मला मागाहून कळलं, व्हेल्मानं कोट चढवला.

"कुठे निघालीस?" लॉर्ननं विचारलं.

"मॅचला."

"तू?" त्याचा चेहरा उतरला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर येतेय. मी विचारते, तू सांग. की आता बायकोला चार गोष्टी सांगायलासुद्धा जीव जड झाला?"

नाही कसं म्हणणार? ती त्याच्या उजव्या हाताला बसली, मला दोघांच्या मांडीवर पसरलं, आणि सुरू झाली. काय डोकं त्या बाईचं! तिनं त्याला एकदाही काही सांगितलं नाही, नुसतं विचारत राहिली.

"तो जाडा आता डाव्या कोपऱ्यात एकटाच का उभाय रे?"

"एकटा? मग त्याला चकती द्या म्हणावं, गाढवांनो!" लॉर्न ओरडला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याची शिवी वेळेवर पडली.

"आणि आपला तो पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला? त्याला कुणीच चकती देत नाहीत. नुसता फिरतोय बिचारा."

"अगं बाई, तो रेफरी."

एमरी खोकल्यासारखं करून हसला. लॉर्नची मूठ माझ्या कडेवरून सैल झाली. तो हातवारे करत, मान उंचावून तिला समजावत होता. "हे बघ, सोपं आहे. आपण उजवीकडच्या जाळ्यात मारायचं. उजवीकडे गेली की आपला गोल, डावीकडे गेली की त्यांचा." पहिल्या वीस मिनिटांत उजवीकडे दोन गेल्या, डावीकडे दोन. दोन-दोन. व्हेल्माला घाम फुटला होता आणि तिनं टोपी काढून ठेवली होती.

विश्रांतीनंतर दुसरा डाव सुरू झाला. आता आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं की दर डावाला संघ बाजू बदलतात. इतकं माहीत असतं, की हे कुणाला सांगावं लागतं हेच लॉर्नला सुचलं नाही. आणि गोलकीपर तर दोन्हीकडचे सारखेच, अंगाला गाद्या बांधलेले.

उजवीकडच्या जाळ्यासमोर झुंबड उडाली. काठ्या, बूट, माणसांचा ढीग. चकती आत गेलेली मी पाहिली, आणि जाळं आपलं होतं.

"गेली!" व्हेल्मा किंचाळली. "उजवीकडे! लॉर्न, गेली! आपला गोल!"

पलीकडच्या बाजूनं ब्रॉडक्रीकवाल्यांचा गलका उठला होता. लॉर्ननं भोंग्याची वाट पाहिली नाही. बायकोच्या शब्दावर तो ताडकन उठला, मी खाली पायांत पडले. दोन्ही हात वर करून "शाब्बास रे पठ्ठ्यांनो!" असा ओरडला आणि टाळ्या पिटायला लागला. शेजारी व्हेल्मा, लालबुंद, तीही टाळ्या पिटत होती. आणि बाकीचं सगळं हाल्डेन गप्प. पुढच्या रांगा वळून वर बघायला लागल्या.

तेव्हा एमरी उठला. बर्फावरच्या त्या गोलाकडे त्यानं असं बघितलं, जसा काही तो त्याचा नववा गोल होता. मग त्यानं टाळी वाजवली. एक. दुसरी. डॉट उठली, तोंडात दोन बोटं घालून तिनं शिट्टी मारली. मग तिच्या अलीकडचा उठला, मग त्याच्या अलीकडची. मी खालून बघत होते, नुसते बूट दिसत होते, पण एकेक जोडी सरळ उभी राहत गेली. हाल्डेनची अख्खी चौथी रांग शत्रूच्या गोलाला उभं राहून टाळ्या देत होती. ज्या पोरानं गोल केला होता तोही वर बघत, काठी खाली सोडून चक्रावून थांबला.

लॉर्नचे हात हळूहळू खाली आले.

"एमरी."

"काय?"

"भोंगा नाही वाजला."

"बिघडलाय."

"तो त्यांचा गोल होता."

एमरी म्हणाला, "हो."

"मग टाळ्या कशाला पिटतोयस, गाढवा?"

"तू पिटत होतास म्हणून."

लॉर्न मटकन बसला. त्यानं हातानं मला शोधलं, उचललं, आणि तोंडावर धरलं. त्याचा श्वास मला गरम लागत होता. "कधीपासून माहीत आहे?" त्यानं माझ्याआडूनच विचारलं.

"जानेवारीपासून. सरकून सरकून कंबर मोडली आमची."

"मी पायरीवर बसले," डॉट म्हणाली. "तीनदा."

"म्हणजे?" व्हेल्मा अजून उभीच होती. "तो आपला नव्हता? उजवीकडचा आपला ना?"

"बाजू बदलतात गं. दर डावाला."

"मग ते आधी सांगायचं नाही का?"

"सांगायला हवं होतं," लॉर्न म्हणाला. त्यानं मला तोंडावरून काढलं. डोळे ओले होते, आणि तो लपवत नव्हता. "व्हेल्मा, सगळंच सांगायला हवं होतं."

ती त्याच्याजवळ बसली. "बटाट्याशप्पथ, सांगायला हवं होतंस," म्हणाली, आणि मला पुन्हा दोघांच्या मांडीवर नीट ओढून घेतलं.

मॅच आम्ही हरलो. पाच-तीन. त्याला आता वर्ष झालं. मी बरीच विरले आहे, मधोमध बोट घातलं तर पलीकडे निघतं, आणि माझ्याच्यानं आणखी किती हिवाळे निघतील ते सांगवत नाही. मला एवढंच मागायचं आहे, की विरलेली वस्तू लगेच टाकून देऊ नका. तिच्याकडून थोडी ऊब अजून मिळते. सकाळी लॉर्न अजूनही स्वतः येतो, खांब मोजतो, चुकतो. कुणी त्याला घरी बसा म्हटलेलं नाही.

आणि दोन वाजले की माझ्या दोन्ही बाजूंनी सात जण एकदम त्याच्या कानाशी तोंड नेतात. एमरी म्हणतो गोलकीपर झोपलाय, डॉट म्हणते झोपला नाही, त्याला पाडलंय, व्हेल्मा म्हणते तो जाडा परत कोपऱ्यात गेलाय, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं हे सगळं चूक आहे. तेव्हा लॉर्न हाउगन माझी कड मुठीत धरून पुढे झुकतो, हात झटकतो आणि ओरडतो,

"अरे, एकेकानं बोला रे! मला मॅच बघू द्या!"